रिफंड देतो म्हणून कार्ड नंबर मागितला तर फोन तिथेच कट करा, फोंड्यात आमच्या आत्याला कसं फसवलं ते वाचा

चतुर्थीची तिकिटं काढायचे दिवस आलेत, पावसात फ्लाइट कॅन्सल होतात आणि मग सगळेच रिफंडच्या मागे लागतात, म्हणून हे आत्ताच आणि जरा सविस्तर लिहितेय. घरातल्या मोठ्या माणसांना वाचून दाखवा प्लीज.

आमची आत्या गोव्यात फोंड्याला असते, शाळेतून रिटायर झालीय, हिशेबाला एकदम पक्की. वीजबिलात काही जास्त दिसलं तर ऑफिसात जाऊन विचारून येणारी बाई. ती भोळी म्हणून फसली असं कोणी म्हटलं की मला राग येतो, कारण या लोकांनी काय काय केलं ते ऐकलं तर तुम्हालाही कळेल की तिच्या जागी कोणीही असतं तरी हेच झालं असतं.

मोपा विमानतळावरून हैदराबादला मुलीकडे जायचं होतं, आत्या आणि काका दोघांनी. तिकिटं एका ट्रॅव्हल साइटवरून क्रेडिट कार्डने काढलेली. फ्लाइट कॅन्सल झाली, रिफंड प्रोसेसमध्ये आहे असा मेसेज आला आणि नंतर सगळं गप्प. मधल्या साइटवरून तिकीट काढलं की पैसे आधी विमान कंपनीकडून साइटकडे जातात आणि मग तिथून आपल्या कार्डाला येतात त्यामुळे उशीर होतोच, पण हे कोणी आपल्याला सांगत नाही ना. आठवडा होऊन गेल्यावर आत्याने मोबाईलवर त्या साइटच्या नावाने कस्टमर केअर नंबर शोधला आणि सगळ्यात वर आलेल्या नंबरवर फोन लावला. तो नंबर त्या साइटचा नव्हताच. पैसे भरून जाहिरात सगळ्यात वर आणता येते, त्यामुळे वर दिसतो तो नंबर खराच असेल असं अजिबात नाही.

तिकडच्या माणसाने आधी कार्डाचा विषयच काढला नाही, फक्त पीएनआर आणि आडनाव विचारलं. दोन मिनिटं थांबा म्हणाला आणि मग त्याने फ्लाइटची तारीख, वेळ, काकांचं पूर्ण नाव सगळं बरोबर वाचून दाखवलं. आत्या म्हणते की तिथेच माझा विश्वास बसला, एवढं सगळं माहीत आहे म्हणजे कंपनीचाच माणूस. पण विमान कंपनीच्या साइटवर पीएनआर आणि आडनाव टाकलं की ते बुकिंग कोणालाही उघडून बघता येतं!! तिनेच दिलेल्या माहितीवरून तो तिलाच वाचून दाखवत होता. म्हणून बोर्डिंग पासचे, तिकिटाचे फोटो स्टेटसला टाकू नका, हे मी आता सगळ्यांना सांगत सुटलेय.

मग म्हणाला ऑटोमॅटिक रिफंड फेल झालाय, मॅन्युअली करावा लागेल, कार्ड व्हेरिफाय करूया. तुमचं कार्ड ४ ने सुरू होतं ना मॅडम? होतं. आता व्हिसाचं प्रत्येक कार्ड ४ ने सुरू होतं, पण हे आत्याला कुठून माहीत असणार. तिने पुढचे आकडे सांगितले, एक्स्पायरी सांगितली, मागचे तीन आकडे म्हणजे सीव्हीव्हीही सांगितला.

आणि आता खरी लबाडी बघा. रिफंड किती यायचाय असं त्याने आधीच विचारून घेतलं होतं, २१,४६० रुपये. त्याने कार्डावर बरोब्बर तेवढ्याच रकमेची खरेदी लावली. म्हणजे ओटीपीच्या मेसेजमध्ये रक्कम आली ती २१,४६०च, आत्याच्या डोळ्यासमोर तिच्याच रिफंडचा आकडा, आणि हा सांगतोय की मॅडम तुमचे पैसे सुटले, फक्त ओटीपी सांगा. मेसेजमध्ये दुकानदाराचं नाव वेगळंच होतं आणि ओटीपी कोणाला सांगू नका असंही लिहिलं होतं, पण फोन स्पीकरवर, तो सारखा घाई करतोय, बाहेर पाऊस कोसळतोय, आणि रक्कम तर जुळतेय. पहिला ओटीपी दिला. सर्व्हर फेल झाला म्हणून त्याने अजून एक मागितला, तोही दिला. मग काकांनी मोबाईल हातात घेऊन मेसेज शेवटपर्यंत वाचला तेव्हा कळलं की पैसे आले नाहीत, गेलेत.

काकांनी लगेच कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर बँकेला फोन करून कार्ड ब्लॉक करायला सांगितलं, तक्रार नंबर घेतला, मग १९३० ला लावला. १९३० हा सायबर फ्रॉडसाठी देशभराचा हेल्पलाइन नंबर आहे, सगळ्यांनी सेव्ह करून ठेवा, कारण जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढच्या खात्यात अडकवून ठेवता येण्याची शक्यता जास्त. आमच्या केसमध्ये दुसऱ्या ओटीपीचे पैसे एका वॉलेटमध्ये होल्ड झाले. पहिले गेले. नंतर आम्ही रायबंदरच्या सायबर पोलिसांकडेही जाऊन आलो, सगळे मेसेज आणि कॉल लॉग घेऊन.

पण एवढ्यावर संपलं नाही. स्टेटमेंटमध्ये तिसरा व्यवहार निघाला, डॉलरमधला, त्याला ओटीपी आलाच नव्हता. परदेशातल्या बऱ्याच साइटवर कार्ड नंबर, एक्स्पायरी आणि सीव्हीव्ही एवढ्यावर पैसे कापले जातात. आत्याच्या कार्डावर इंटरनॅशनल वापर चालू होता, जो तिला आयुष्यात कधी लागला नाही. बँकेच्या अ‍ॅपमध्ये हे चालू-बंद करता येतं, आत्ता उठून बंद करा.

हा तिसरा व्यवहार काकांच्या फोननंतरचा होता तरी बँकेने पहिलं उत्तर एकच दिलं, ओटीपी तुम्ही दिलात, आम्ही काही करू शकत नाही. मी आरबीआयचं जुलै २०१७चं परिपत्रक काढून दिलं. त्यात स्पष्ट आहे की माहिती ग्राहकाने दिली असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं, पण कळवल्यानंतर जे जातं ते बँकेचं. कॉल लॉगमधली वेळ आणि तक्रार नंबरचा मेसेज जोडून पुन्हा अर्ज दिला आणि तिसऱ्याचे पैसे परत आले. तो मेसेज डिलीट झाला असता तर कशाच्या जोरावर भांडलो असतो?

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. रिफंड हा ज्या वाटेने पैसे गेले त्याच वाटेने परत येतो. कंपनीकडे मूळ व्यवहाराची नोंद असते, त्यावर रिफंड टाकला की झालं, त्यासाठी तुमचा पूर्ण कार्ड नंबर लागत नाही, सीव्हीव्ही लागत नाही आणि ओटीपी तर नाहीच नाही, ओटीपी पैसे देण्यासाठी असतो. यूपीआयचा पिनही तसाच, पैसे घ्यायला तो लागतच नाही. चौकशी करताना पीएनआर, तारीख, रक्कम, फार तर कार्डाचे शेवटचे चार आकडे, एवढ्यावर काम होतं, तेही नंबर कंपनीच्या अ‍ॅपमधून नाहीतर तिकिटाच्या ईमेलमधून घेतला असेल तरच. रिफंड पाठवला म्हणाले तर एआरएन, म्हणजे त्या रिफंडचा संदर्भ नंबर, मागा, तो नंबर दिला की बँक पैसे कुठे आहेत ते शोधू शकते. मूळ खातंच बंद झालं असेल तर अकाउंट नंबर आणि आयएफएससी द्यावा लागू शकतो, तो लॉगिन करून फॉर्ममध्ये भरा, फोनवर नको. आणि मदत करतो म्हणून मोबाईलवर एनीडेस्क वगैरे टाकायला सांगितलं तर फोन ठेवा, ती अ‍ॅप घेतली की तुमचा स्क्रीन त्याला दिसतो, ओटीपीसकट.

आत्याचा खरा रिफंड नंतर आला. कार्ड ब्लॉक होऊन नवीन आलं होतं तरी पैसे त्याच कार्ड अकाउंटला जमा झाले, कोणी फोन केला नाही, काही विचारलं नाही.

वॉलेटमध्ये होल्ड झालेले पैसे सोडवायला कोर्टात अर्ज दिलाय. पहिल्या व्यवहाराची तक्रार बँकेकडे लेखी दिलीय, ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर आरबीआयच्या सीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर लोकपालाकडे जाता येतं, त्याला फी नाही. आत्याने कागद आधीच फाइलला लावून ठेवलेत.