पत्र लिहून देणारी सेवा: मजकूर चांगला, मायना मात्र स्वतः लिहा

लातूरच्या एमआयडीसीत सोयाबीनच्या एका कारखान्यात मी खरेदी विभागाचा पत्रव्यवहार बघते. दिवसाला तीस-चाळीस ईमेल जातात. जून 2025 मध्ये कंपनीने ईमेल लिहून देणारी एक सेवा घेतली. विषय आणि चार शब्द टाकले की पत्र तयार. भाव, गाडीचं वजन, ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला म्हणून केलेली कपात, सगळं नीट आणि सभ्य भाषेत मांडते. कपातीचं पत्र लिहिताना माझी फार ओढाताण व्हायची, ते ओझं खरंच उतरलं. सरकारी कार्यालयाच्या पत्रात प्रति, विषय, संदर्भ हा क्रमही चुकत नाही. एवढ्यासाठी पाचपैकी तीन तारे.

दोन तारे कापले ते मायन्यासाठी. इंग्रजी पत्र दरवेळी 'होप धिस ईमेल फाइंड्स यू वेल' असंच सुरू होतं. मराठी निवडली की 'मला आशा आहे की हा ईमेल आपल्याला चांगल्या स्थितीत सापडेल.' असं मराठीत कुणी कुणाला लिहीत नाही. मी बदलून 'आपण कुशल असाल अशी आशा आहे' केलं, आणि मग तेही वाचायचं सोडून दिलं.

सप्टेंबर 2025 च्या अखेरीस मराठवाड्यात पूर आला. सीना, मांजरा पात्र सोडून शिवारात शिरल्या. त्याच आठवड्यात धाराशिव जिल्ह्यातल्या एका शेतकरी कंपनीला माझं पत्र गेलं: आपण कुशल असाल अशी आशा आहे, नमुना चार दिवसांत पाठवावा. उत्तर एका ओळीचं आलं. 'ताई, सोयाबीन पाण्यात आहे.' खाली नाव नाही, धन्यवाद नाही. मी लगेच फोन लावला. ते भाऊ रागावले नव्हते, तेच मला जास्त लागलं. म्हणाले, "गुरं वाचली ताई, बाकी काय बी राहिलं न्हाई."

आजोबा औशाहून पोस्टकार्डं लिहायचे, त्यांचे मायनेही ठरावीकच होते. लेकाला 'चि.' आणि 'अनेक आशीर्वाद', व्याह्यांना 'सा.न.वि.वि.'. पण प्रत्येक कार्डावर समोर कोण आहे हे आधी मनात आणावं लागे. दुःखाची बातमी असली तर ते वर 'श्री'सुद्धा घालत नसत. कार्ड हातात येताच आजीला कळायचं.

सेवेत मायना बंद करता येतो, पण एकदम सगळ्यांसाठी. माणूस बघून बदलायची सोय नाही, आणि ती असायलाच हवी. मी तो बंदच केला. पत्राचा मजकूर तिच्याकडून घेते, पहिली ओळ माझी. दिवसाची वीसेक मिनिटं जास्त जातात. साहेबांना सांगितलं, त्यांनी हरकत घेतली नाही.

नोव्हेंबरात त्या भाऊंना पुन्हा लिहायचं होतं. सुरुवात केली, 'स.न.वि.वि. रानात वाफसा आला का?' संध्याकाळी उत्तर आलं. 'आला ताई. वरच्या दोन एकरांत हरभरा पेरला. खालचं रान खरडून गेलंय, तिथं माती टाकावी लागंल.' नमुन्याचं बोलणं त्याच्या खाली होतं.