अकरा दिवसांची पॉलिसी

वेम्बलीजवळ पोलिसांनी गाडी बाजूला घ्यायला लावली, तेव्हा मी अगदी निर्धास्त होतो. वेग मर्यादेत, सगळ्यांचे सीटबेल्ट लावलेले, पॉलिसीची पीडीएफ मोबाईलमध्ये. ३० ऑगस्ट २०२५, शनिवार. रेडिंगहून लंडनच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला निघालो होतो, बायकोच्या मांडीवर मोदकांचा डबा. पोलीस म्हणाला, कॅमेऱ्यात तुमच्या गाडीला विमा दिसत नाही. मी मोठ्या आत्मविश्वासानं पीडीएफ दाखवली. त्यानं कुठंतरी फोन लावला, दोन मिनिटं बोलला आणि मग हळू आवाजात सांगितलं, “ही पॉलिसी २० तारखेला रद्द झाली आहे.”

मी ती घेतली होती ९ तारखेला.

पुण्याहून जूनमध्ये इकडे आलो आणि ऑगस्टच्या सुरुवातीला जुनी होंडा जॅझ घेतली. नोंदणीची मला धास्ती होती, पण ते काम दहा मिनिटांत झालं. विकणाऱ्यानं डीव्हीएलएच्या (गाड्यांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या) साइटवर माझं नाव-पत्ता भरला, लॉगबुकातली, म्हणजे इथल्या आरसीतली, हिरवी चिठ्ठी फाडून हातात दिली, नवं लॉगबुक टपालानं आलं. आधीच्या मालकानं भरलेला रोड टॅक्स आपल्याला लागू होत नाही, २०१४ पासून तसा नियमच आहे, म्हणून तो त्याच दिवशी भरला. ना आरटीओची खिडकी, ना एजंट.

घोडं अडलं विम्यापाशी. इथं विमा नुसता गाडीचा नसतो, कोण चालवणार त्याचा असतो. माझं लायसन्स भारतीय. त्यावर इथं १२ महिने चालवता येतं, पण विमा कंपनीच्या लेखी मी नवशिका. पुण्यातला नऊ वर्षांचा नो-क्लेम कुणी धरेना. सगळ्यात स्वस्त कोटेशन आलं १,७४० पाउंडांचं.

मग एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर नंबर मिळाला. माणूस छान मराठी बोलायचा. “दादा, तुम्ही नवीन आहात म्हणून लुटतायत. आपण आपल्या माणसाचं बघायचं नाही तर कुणाचं?” वर्षाचे ४८० पाउंड. कुठलंही काम एजंटकडून करून घ्यायची आपली सवय, त्यात समोरून ‘दादा’ ऐकलं की उरलीसुरली अक्कलही गहाण पडते. पैसे त्याच्या स्वतःच्या खात्यात गेले, विमा कंपनीच्या नाही. तिथंच थांबायला हवं होतं.

आणि तरी मी तपासलं होतं, हेच जास्त लागतं. मोटर इन्शुरर्स ब्युरोच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून विमा आहे का ते फुकटात बघता येतं. मी पाहिलं, होता. कंपनीही खरी, पॉलिसीही खरी.

त्या रात्री पीडीएफ पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचली. वय ४६ (मी ३४ चा). व्यवसाय शिक्षक. लायसन्स ब्रिटिश, १५ वर्षं जुनं. गाडी रात्री उभी राहते डेव्हनमधल्या कुठल्याशा खेड्यात. ईमेलचा पत्ता माझ्याच नावाचा, फक्त पुढे एक आकडा जास्त. म्हणजे कंपनीची सगळी पत्रं त्या एजंटकडे जात होती. अशा खोट्या माहितीमुळेच हप्ता ४८० वर आला होता. पहिल्या १४ दिवसांत पॉलिसी रद्द केली की बरेचसे पैसे परत मिळतात. ते त्यानं अकराव्या दिवशी काढून घेतले. रद्द केली नसती तरी खोट्या माहितीवर क्लेम मिळाला नसता, ते वेगळंच. अशा माणसांना इथं ‘घोस्ट ब्रोकर’ म्हणतात, हे मला पोलिसाकडून कळलं. एफसीएच्या, म्हणजे इथल्या वित्त नियामकाच्या, रजिस्टरवर त्या एजंटचं नाव शोधायला मला एक मिनिट लागलं असतं.

पोलीस सभ्य होता, पण विम्याशिवाय गाडी चालवणं हा गुन्हा, आणि ‘मला माहीत नव्हतं’ ही सबब तिथं चालत नाही. ३०० पाउंड दंड, लायसन्सवर ६ पेनल्टी पॉइंट, गाडी जप्त. टोइंगच्या ट्रकवर चढण्याआधी मुलाची सीट काढून घेतली. बस स्टॉपवर आम्ही तिघं, ती अवजड सीट आणि मोदक.

गाडी सोडवायला टोइंगचे १९२ पाउंड, वर दर दिवसाचे २६. शिवाय चालू विम्याचा कागद दाखवावा लागतो, आणि नेहमीच्या बऱ्याच पॉलिसी जप्त गाडी सोडवायला चालत नाहीत. एक खास पॉलिसी शोधून घ्यावी लागली, त्यात चार दिवस गेले.

बँकेकडे मात्र लगेच तक्रार केली होती, ते बरं झालं. फसवून करून घेतलेल्या ट्रान्सफरचे पैसे बँकेनं परत द्यायचे, असा नियम ७ ऑक्टोबर २०२४ पासून इथं आहे. बँक त्यातून १०० पाउंडांपर्यंत कापू शकते. मला ३८० मिळाले. पॉइंट चार वर्षं रेकॉर्डवर राहतील आणि विमा कंपन्यांना पाच वर्षं सांगावे लागतील. नवं कोटेशन २,३१० चं आलं. भरलं, थेट कंपनीच्या साइटवरून, स्वतःच्या ईमेलवर.