‘आपण’, ‘आम्ही’ आणि हिंदीतला ‘हम’

‘आम्ही उद्या नाशिकला जाणार आहोत’ आणि ‘आपण उद्या नाशिकला जाणार आहोत’ या दोन्ही वाक्यांसाठी हिंदीत ‘हम कल नासिक जाएँगे’ हे एकच वाक्य पुरते. मराठीत ऐकणाऱ्याला आपण या बेतात आहोत की नाही, हे सर्वनामावरूनच कळते. हिंदीत ते संदर्भावरून ओळखावे लागते किंवा ‘तुम भी चलना’ असे वेगळे सांगावे लागते. मराठीतला हा भेद गुजरातीच्या ‘आपणे’ आणि ‘अमे’ यांत, तसेच तेलुगूच्या ‘मनम्’ आणि ‘मेमु’ यांतही आढळतो, आणि अनेक भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध द्राविडी भाषांच्या सहवासाशी जोडतात.

एका बाबतीत हिंदी अधिक सुटसुटीत आहे. तिथे आदरार्थी ‘आप’ वेगळा राहतो, तर मराठीतला ‘आपण’ आदरार्थीही चालतो, त्यामुळे ‘आपण कधी येणार?’ या प्रश्नाचा रोख क्षणभर संदिग्ध वाटतो. तरीही आमंत्रण देताना मला मराठीची सोय फार मोलाची वाटते, कारण ‘आपण जेवूया’ म्हटल्यावर पाहुण्याला वेगळा आग्रह करावा लागत नाही. म्हणूनच हिंदीत सवय झालेल्या मुलांनी ‘हम’साठी सरसकट ‘आम्ही’ वापरला, तर तो वेळीच सुधारावा.