पहिला एफपीव्ही ड्रोन: व्हूप घ्यावा की पाच इंची?

एफपीव्ही म्हणजे डोळ्यांवर गॉगल लावून, ड्रोनवरच्या कॅमेऱ्याच्या नजरेतून उडवणं. त्याचा नाद लागलेल्या कुणालाही विचारा, "पहिला ड्रोन कुठला घेऊ?" उत्तर ठरलेलं असतं: "सरळ पाच इंची जोड." मोकळ्या माळावर उडवणाऱ्याला हा सल्ला ठीक आहे. गोव्यात मात्र माड आहेत, खारी हवा आहे, चार महिने पाऊस आहे आणि एवढ्याशा राज्यात दोन विमानतळ आहेत. इथे हिशेब वेगळा बसतो. माझं मत आधीच सांगतो: बहुतेकांनी व्हूपपासून सुरुवात करावी. ज्यांनी तसं करू नये अशीही काही मंडळी आहेत, त्यांच्याकडे शेवटी वळतो.

व्हूप म्हणजे तळहातावर मावणारा, प्रॉपभोवती, म्हणजे फिरत्या पात्यांभोवती, प्लॅस्टिकचं कडं असलेला ड्रोन. तिरप्या समोरासमोरच्या दोन मोटरांमध्ये ६५ किंवा ७५ मिलिमीटरचं अंतर, एका सेलची बॅटरी, सगळं मिळून वजन तीस-चाळीस ग्रॅम. पाच इंचीत पाच इंच हा प्रॉपचा व्यास. कार्बन फायबरचा सांगाडा, चार किंवा सहा सेलची बॅटरी, वजन सहाशे-सातशे ग्रॅम आणि वेग ताशी शंभर किलोमीटर सहज ओलांडणारा. व्हूप गालावर आदळला तर ओरखडा उठतो. पाच इंचीचा प्रॉप बोटाला लागला तर टाके पडतात.

डब्यातून काढला आणि उडवला असा तयार ड्रोन का नको? केंद्र सरकारने ९ फेब्रुवारी २०२२ रोजी परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली. तयार असो की भाग सुटे करून आणलेला पूर्ण संच असो, दोन्ही बंद. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद. ड्रोनचे घटक मात्र परवानगीशिवाय आणता येतात. म्हणून आपल्याकडच्या छंदाच्या दुकानांत मोटर, बोर्ड, सांगाडे मिळतात आणि ड्रोन आपण जोडायचा असतो. कुणी "ओळखीतून" सीलबंद ड्रोन मिळवून देतो म्हणाला, तर बिल आणि वॉरंटी मागा. तिथेच विषय मिटेल.

जोडणीतच दोघांतला पहिला मोठा फरक दिसतो. व्हूपचा सगळा कारभार एका बोर्डावर चालतो: फ्लाइट कंट्रोलर (ड्रोनचा मेंदू), चार ईएससी (मोटरांचा वेग सांभाळणारी सर्किटं), रिमोटचा सिग्नल पकडणारा रिसीव्हर आणि बऱ्याचदा व्हिडिओ ट्रान्समीटरसुद्धा. अनेक बोर्डांवर मोटरा प्लगने बसतात. सोल्डर लागतं ते बॅटरीच्या वायरीला आणि कॅमेऱ्याच्या तीन तारांना. एखादी संध्याकाळ पुरते.

पाच इंचीत नुसत्या मोटरांचेच बारा सांधे. वर रिसीव्हर, कॅमेरा, व्हिडिओ, कपॅसिटर. सगळ्यात नडतो तो बॅटरीच्या एक्सटी-६० कनेक्टरच्या जाड वायरींचा सांधा. त्या पॅडखाली तांब्याचा मोठा थर असतो, तो उष्णता शोषून घेतो. स्वस्तातली बारीक टोकाची सोल्डरिंग इस्त्री टेकवली की सोल्डर वरवर गोळा होऊन बसतं. दिसायला चकचकीत, पण आत धरलेलं नसतं. हवेत पूर्ण थ्रॉटलला तो सांधा सुटला की ड्रोन दगडासारखा खाली. रुंद टोक, भरपूर फ्लक्स आणि ६३/३७ सोल्डर असेल तर हेच काम काही सेकंदांत होतं. पहिल्यांदा बॅटरी लावताना मध्ये स्मोक स्टॉपर घाला. तो बोर्डाच्या किमतीपुढे फुटकळ आहे आणि उलटी लागलेली वायर धूर निघण्याआधी दाखवतो.

दुरुस्तीत गोव्याची हवा मध्ये येते. किनाऱ्याजवळ राहत असाल तर मोटरांच्या बेअरिंगला गंज आणि बोर्डाच्या उघड्या पॅडवर हिरवट थर हे पाहुणे न बोलावता येतात. उपाय एकच: जोडतानाच बोर्डाला सिलिकॉन कॉन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे ओलावा रोखणारा पातळ लेप. यूएसबी पोर्ट, बटण आणि बॅरोमीटर मात्र वगळायचे. व्हूप बहुतेक घरातच उडतो, त्याला याची निकड कमी. पाच इंचीला हे न करता किनाऱ्यावर नेणं म्हणजे पैसे वाळूत टाकणं.

आणि तो पाण्यात पडणारच. खाजनाच्या (खाडीकाठच्या खारवट शेतजमिनीच्या) बांधावर उडवत असाल तर ते पाणी गोडं समजू नका, भरतीचं मचूळ पाणी असतं ते. ड्रोन हाती लागला की आधी बॅटरी काढा. मग सुकवायची घाई न करता नळाच्या स्वच्छ पाण्याने तो भरपूर धुवा. ऐकायला उफराटं वाटतं, पण बोर्डाला खातं ते आत सुकून राहिलेलं मीठ. त्यानंतर जुन्या टूथब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवायचं, चिपच्या पायांमध्ये आणि मोटरच्या घंटेखाली (बाहेरच्या फिरत्या टोपीखाली) विशेष. पूर्ण सुकल्यावर प्रत्येक बेअरिंगला तेलाचा एक थेंब. बोर्ड बऱ्याचदा वाचतो. खारं पाणी प्यायलेली बॅटरी मात्र पुन्हा चार्ज करू नका, तिला घरातही ठेवू नका.

एरवी पाच इंचीचा नेहमीचा खर्च म्हणजे प्रॉप, मोडलेला हात, वाकलेली मोटर आणि अधूनमधून जळालेला ईएससी. बारीकसारीक धडकेने व्हूपला काही होत नाही. झालंच तर कडं तडकतं नाहीतर मोटरचा प्लग सैल होतो. पण त्याचा सगळा जीव एका बोर्डात असल्याने एक ईएससी गेला की अख्खा बोर्ड बदलायचा. हे व्हूपवाले सहसा सांगत नाहीत. माडावर अडकलेल्या पाच इंचीसाठी पाडेलीला (माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला) बोलवावं लागतं, आणि तो त्याच्या सवडीने येतो. म्हणून स्वतःची छोटी बॅटरी असलेला बझर लावाच. धडकेत मुख्य बॅटरी निसटली तरी तो ओरडत राहतो.

चित्राचं काय? अॅनालॉग की डिजिटल, यावर तासन्‌तास वाद घालता येतो, मी थोडक्यात आटपतो. एका चांगल्या डिजिटल गॉगलच्या किमतीत अॅनालॉग व्हूप, रिमोट आणि साधा गॉगल बसतो. अॅनालॉगचं चित्र मुंग्यामुंग्यांचं, पण ते हळूहळू बिघडतं आणि मागे फिरायला वेळ देतं. डीजेआयसारख्या डिजिटलचं चित्र बराच वेळ स्वच्छ राहतं आणि मग एकदम गोठतं. ओली झाडं आणि चिऱ्याच्या जाड भिंती ५.८ गिगाहर्ट्झचा सिग्नल खातात, त्यामुळे आपल्याकडे हा फरक कागदावर राहत नाही. शिकायला अॅनालॉग, चित्रीकरण करायचं असेल तर डिजिटल. रिमोट आणि ड्रोनमधल्या रेडिओ दुव्यासाठी २.४ गिगाहर्ट्झचं एक्सप्रेसएलआरएस घ्या. ९१५ मेगाहर्ट्झचं मॉड्यूल स्वस्तात मिळालं तरी नको. तो पट्टा आपल्या देशात यासाठी खुला नाही.

उडवायचं कुठे, इथे पारडं खरं फिरतं. दाबोळी नौदलाचा तळ आहे आणि मोप्यावरून जानेवारी २०२३ पासून विमानं उडतात. मुरगाव आणि पेडण्यातल्या मंडळींनी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा बघितल्याशिवाय बाहेर प्रॉप फिरवूच नये. त्या नकाशावरच्या हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती मर्यादा २०० फूट. मोले, बोंडला, म्हादई ही अभयारण्यं सोडून द्या. उरतात ते सत्तरी, डिचोली, फोंड्याकडचे सडे (खडकाळ उघडी पठारं) आणि कापणी झालेली शेतं. सकाळी लवकर जा. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की व्हूप पतंग होतो. पाच इंची वाऱ्याला जुमानत नाही, पण घारींना जुमानावं लागतं. घार घिरट्या घालू लागली की सरळ उतरवा. आणि गॉगल डोळ्यांवर असताना शेजारी उघड्या डोळ्यांनी आकाश बघणारा एक माणूस हवाच.

२०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे दोन किलोपर्यंत मायक्रो. व्हूप पहिल्यात, पाच इंची दुसऱ्यात. नोंदणी क्रमांकाची अट दोन्ही गटांना आहे. छंद म्हणून उडवणाऱ्याला दोन्हीकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. मात्र कुणाच्या व्हिलाचा किंवा लग्नाचा व्हिडिओ पैसे घेऊन केला की मायक्रोसाठी ते लागतं. गोव्यात हा मोह लवकर होतो, म्हणून आधीच सांगतोय.

सुधारणा करत बसण्याची हौस असेल तर पाच इंचीला अंत नाही: मोटर, सांगाडा, जीपीएस, नवा व्हिडिओ संच. व्हूपमध्ये चांगल्या कनेक्टरची बॅटरी, हलके प्रॉप आणि ईएससीसाठीचं ब्लूजे फर्मवेअर, एवढ्यात फरक कळतो. त्यापुढे पैसे घालण्यात अर्थ नाही. दोन्हीकडे साथ देतात ते रिमोट आणि चार्जर. हॉल गिंबल (चुंबकीय सेन्सरच्या काड्या) असलेला रिमोट आणि सेलनिहाय बॅलन्स करणारा, बॅटरी ठेवून द्यायची असेल तेव्हा सेल ३.८ व्होल्टवर आणणाऱ्या स्टोरेज मोडचा चार्जर सुरुवातीलाच नीट घ्या. ड्रोन बदलत राहतील, हे दोन्ही टिकतील.

मग कुणी काय घ्यावं? वास्को किंवा पणजीच्या फ्लॅटमध्ये राहत असाल तर प्रश्नच नाही, व्हूप. गावाकडे मोठी वसरी (ओसरी) असलेलं घर असेल तर पावसाळ्याचे चार महिने खुर्च्यांखालून आणि दारांमधून उडवण्यात बोटं तयार होतात. चतुर्थीला पाहुण्यांनी घर भरलं की तेवढे दिवस सिम्युलेटर. दसऱ्यानंतर शेतं मोकळी झाली की पाच इंचीचे भाग मागवा.

थेट पाच इंची घ्यावा तो इलेक्ट्रॉनिक्सचं काम करणाऱ्याने, ज्याचा हात सोल्डरवर बसलेला आहे, सिम्युलेटरवर पुरेसे तास झालेत आणि ज्याच्या घरामागे सडा आहे. अशांना व्हूप महिनाभरात कंटाळवाणा वाटेल. त्यांनी पहिला संच चार सेलवर ठेवावा. सहा सेलची ताकद सुरुवातीला फक्त जास्त प्रॉप मोडते. बॅटऱ्या सहसा रस्त्याने येतात, वेळ लागतो. ऑर्डर करताना त्या सगळ्यात आधी टाका, नाहीतर जोडलेला ड्रोन टेबलावर आणि तुम्ही कुरिअरवाल्याच्या फोनची वाट बघताय, असं होईल.