हर्णै बंदरातला मासळी लिलाव: घरच्या खरेदीला कितपत सोयीचा?

अर्धाच. ढीग अख्खा उचलावा लागतो. पाच-सहा घरांनी वाटून घेतला तरच परवडतो. पहिल्या सुरमईवर घर तुटून पडतं, चौथी फ्रीजमध्ये पडून राहते (घटती सीमांत उपयोगिता ती हीच). भाव मात्र डोळ्यांदेखत ठरतो. होड्या लागल्या की त्या संध्याकाळचा पुरवठा पक्का, माल नाशवंत. मग भाव हलतो तो गिऱ्हाइकावर. संकष्टीला उतरतो, शनिवार-रविवारी पर्यटक आले की चढतो. पापलेट आवाक्याबाहेर गेलं की सगळेच बांगड्याकडे वळतात, मग बांगडाही वधारतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा फेरी फुकट. बोलीआधी कल्ला उचलून बघा: लालभडक हवा, तपकिरी असेल तर सोडा.