भिंतीसाठी लाकूड निवडताना: ड्रिफ्टवुड की पॅलेटच्या फळ्या?

भिंतीवर वजन ठेवायचंय की नुसती शोभा हवीय, हे आधी ठरवा. ड्रिफ्टवुड, म्हणजे पाण्यानं वाहून काठाला लागलेलं लाकूड. त्याचा आकार आयता मिळतो, पण ते वापरण्याजोगं होईपर्यंत कित्येक आठवडे थांबावं लागतं. पॅलेट, म्हणजे माल रचून वाहून न्यायचा लाकडी पाट. त्याच्या फळ्या सरळ आणि साधारण एका जाडीच्या असतात. त्यांचं काम एका दिवसात उरकतं, पण घाम काढतं.

वजन ठेवायचं असेल तर पॅलेट घ्या, फार विचार करू नका. मीटरभर पुस्तकांचं वजन सहज ३० किलोच्या आसपास जातं. २० मिमी जाडीच्या मऊ लाकडाच्या फळीला दर ५० ते ६० सेंमीवर आधार दिला नाही, तर काही महिन्यांत तिला मधोमध झोळ येतो. ड्रिफ्टवुडबाबत असा हिशेब मांडता येत नाही, कारण आतली कूज बाहेरून दिसत नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक जागोजागी दाबून बघा. ते सहज रुतत असेल, तर त्या तुकड्यावर काही ठेवायचं नाही.

शोभेसाठी मात्र ड्रिफ्टवुडला तोड नाही, फक्त तयारी नीट हवी. समुद्रातलं लाकूड असेल तर आधी मीठ काढायचं. गोड्या पाण्याच्या टबात ते वजन ठेवून पूर्ण बुडवा, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला आणि हे एक ते दोन आठवडे चालू ठेवा. मीठ राहिलं तर ते हवेतला ओलावा ओढत राहतं, पॉलिश धरत नाही आणि आतले स्क्रू गंजतात. वाळल्यावर पृष्ठभागावर पांढरी पूड दिसली, तर पुन्हा टबात. नदी-तलावातल्या लाकडाला ही उठाठेव लागत नाही. घासून धुतलं की पुरे.

वाळवायचं सावलीत आणि वाऱ्यावर. उन्हात ठेवलं की बाहेरचा थर आधी आकसतो आणि लाकूड तडकतं. आठवड्यातून एकदा वजन करा. लागोपाठ दोनदा तेच भरलं, की लाकूड तयार.

भोकं दिसली की लोक घाबरतात. ती कसली आहेत ते पाहा. बोट जाईल एवढी, आतून पांढऱ्या चुनखडी अस्तराची भोकं टेरेडोची. तो कीटक नसून शिंपल्यांच्या कुळातला प्राणी आहे. कोरड्या लाकडात तो जगत नाही. अशी भोकं तशीच ठेवा, ती सुंदर दिसतात. एक-दोन मिमीची गोल भोकं आणि खाली ताजं, पिठासारखं चूर्ण पडत असेल, तर मात्र आत भुंगेऱ्याच्या अळ्या आहेत. असं लाकूड घरातल्या फर्निचरजवळ आणू नका. तुकडा ओव्हनमध्ये मावत असेल, तर गाभ्याचं तापमान किमान ५६ अंश सेल्सिअस होऊन ते ३० मिनिटं टिकेल इतका वेळ तापवा. बाहेरचा भाग गरम झाला म्हणजे गाभाही झाला असं नाही, म्हणून भोक पाडून थर्मामीटर आत घाला आणि ओव्हनपासून हलू नका.

करड्या, चंदेरी रंगासाठी ड्रिफ्टवुड आणलं असेल, तर पॉलिश पेपर लांब ठेवा. तो रंग उन्हापाण्यानं झिजलेल्या अगदी पातळ थरात असतो. दोन हात मारले की खालचं पिवळट-तपकिरी लाकूड उघडं पडतं. नायलॉनच्या ब्रशनं घासा. तेलानं रंग गडद होतो, म्हणून पाण्यात मिसळणारं मॅट वॉर्निश बरं. लाकडाच्या नाजूकपणावर शिल्पकार डेबोरा बटरफील्ड यांनी वेगळा मार्ग काढला: फांद्या आणि ड्रिफ्टवुडचे घोडे रचायचे आणि मग ब्राँझमध्ये ओतायचे.

पॅलेट उचलण्यापूर्वी शिक्का वाचा. आंतरराष्ट्रीय वाहतुकीच्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीचं चिन्ह आणि अक्षरं असतात. ‘एचटी’ म्हणजे उष्णतेनं प्रक्रिया केलेलं. वर सांगितलेले ५६ अंश आणि ३० मिनिटं हाच तिथला नियम. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. ते घेऊ नका. शिक्का नसणं म्हणजे विष असणं नव्हे. मात्र ‘एचटी’ असला, तरी नंतर त्यावर काय सांडलं ते शिक्का सांगत नाही. तेलकट डाग किंवा रसायनाचा वास असेल तर सोडून द्या. सगळीकडे एकाच रंगानं रंगवलेली पॅलेट बहुधा भाड्यानं देणाऱ्या कंपन्यांची असतात, तीही उचलू नका.

फळ्या फुटतात त्या घाईनं. पॅलेटचे खिळे बऱ्याचदा पिळाचे असतात. कटावणीनं टोकाकडून उचकटलं की फळी खिळ्यापाशी चिरते. फळी आणि ठोकळा यांच्या फटीत रेसिप्रोकेटिंग करवतीचं (पातं मागे-पुढे चालणारी विजेची करवत) धातू कापणारं पातं घालून खिळाच कापा. डोकं फळीत राहतं आणि दिसतंही छान. रंधा मारणार असाल, तर आधी चुंबक फिरवून प्रत्येक खिळा काढा, नाहीतर पातं गेलंच. पॉलिश पेपर ८०, मग १२०, मग १८० नंबरचा. तोंडावर मास्क हवाच.

वेगवेगळ्या पॅलेटच्या फळ्या एकत्र विजोड दिसतात. शिल्पकार लुईझ नेव्हल्सन यांनी १९५८ च्या ‘स्काय कॅथेड्रल’ या शिल्पात लाकडाचे टाकाऊ तुकडे खोक्यांत रचून सगळं एकाच काळ्या रंगानं रंगवलं. त्यामुळे नजर रंगावर न अडता आकार आणि सावल्यांकडे जाते. घरीही हा उपाय चालतो.

फळ्यांना जवसाचं तेल लावलंत, तर वापरलेली चिंधी चोळामोळा करून टाकू नका. तेल सुकताना उष्णता सोडतं आणि गुंडाळी आपोआप पेटू शकते. चिंधी पाण्यात भिजवा किंवा घराबाहेर सपाट पसरून वाळवा.