जीरॉफचे एमएम मॅक्रो: संदर्भांचे नंबर आपोआप

रिपोर्टमधे संदर्भांचे नंबर हाताने टाकत असाल तर जीरॉफचे (साध्या मजकुरात आज्ञा लिहून दस्तऐवज छपाईसाठी मांडणारा प्रोग्राम) एमएम मॅक्रो, म्हणजे तयार आज्ञांचा संच, एकदा वापरून बघाच. मूळ एमएम बेल लॅब्जचे, जीरॉफमधे त्यांचं मोफत रूप मिळतं. वाक्यात जिथे आकडा हवा तिथे आरएफ ही स्ट्रिंग (आकड्याची जागा धरणारी खूण, \*(Rf अशी लिहितात) टाकायची, लगेच खाली आरएस (.RS) आणि आरएफ (.RF) या दोन मॅक्रोंच्या मधे पुस्तकाचं नाव-बिव लिहायचं, झालं. मधेच नवीन संदर्भ घुसवला तरी पुढचे सगळे आकडे आपोआप सरकतात आणि शेवटी संदर्भांचं पान पण जीरॉफच छापतो, हे मला भयंकर आवडलं. प्रत्येक प्रकरणाची वेगळी यादी हवी असेल तर तिथे आरपी हा मॅक्रो द्या, नंबर परत १ पासून सुरू होतात.

तोच संदर्भ पुन्हा द्यायचा असेल तर आरएसपुढे छोटंसं नाव द्या, आकडा त्यात साठवला जातो, पण हे फक्त नंतरच्या मजकुरात चालतं, आधीच्या नाही. इथे लेटेक हा असाच दुसरा प्रोग्राम सरस, तिथे फाइल दोनदा चालवली की मागचंपुढचं सगळं जुळतं. आणि देवनागरी जोडाक्षरं जीरॉफला नीट जमत नाहीत, त्यामुळे मराठी प्रबंधाला झीलेटेकच (लेटेकचं युनिकोड चालणारं रूप) घ्या. इंग्रजी टेक्निकल रिपोर्टला मात्र डोळे झाकून हेच.